नववा आठवडा: वायफाय, मोबाइल, लॉकेट... भीती नेमकी कशाची धरायची?

रानजाई
नमस्कार. मला नववा आठवडा चालू आहे, पहिलीच खेप. घरात कळल्या दिवसापासून आनंदाबरोबर काळजीही आली, आणि ती सगळी एकाच शब्दाभोवती फिरते आहे: किरणं.

सासूबाई रात्री दहाला वायफाय बंद करतात. नणंदेने कुठल्याशा गटातला व्हिडिओ दाखवला, मोबाइल पोटाजवळ आणला की बाळ दचकतं असा. नवऱ्याने इंडक्शन शेगडी उचलून माळ्यावर टाकली. मावशींनी एक काळं लॉकेट पाठवलं. ते म्हणे ऋण आयन (ऋण विद्युतभार असलेले हवेतले कण) सोडतं आणि मोबाइलची किरणं परतवतं. मी ते दिवसरात्र गळ्यात घालते, कारण मनात येतं, काढलं आणि नेमकं काही झालं तर?

ही सगळी माणसं मायेपोटी करत आहेत, त्यामुळे कुणाला दुखवायचं नाही. पण मला झोप लागेनाशी झाली आहे. मध्यरात्री उठून वाचत बसते. एक लेख सांगतो की चुंबकीय क्षेत्रामुळे गर्भपाताचा धोका जवळजवळ तिप्पट होतो. दुसरा सांगतो, काही होत नाही, निश्चिंत राहा. दोघांच्याही खाली डॉक्टरांची नावं असतात. आणि हे वाचते कशावर, तर उशाशी ठेवलेल्या मोबाइलवर.

कुणी जाणकार असतील तर सांगा. खरंच कशाला घाबरायचं आणि कशाला नाही? "टेन्शन घेऊ नका" एवढंच सांगू नका, प्लीज. ते रोज ऐकते.

चुंबकसूची
रानजाई, अभिनंदन. मी बरीच वर्षं विद्युत उपकरणांभोवतालच्या क्षेत्रांची मोजमापं करतो. डॉक्टर नाही, त्यामुळे शरीरात काय होतं ते इथले डॉक्टर सांगतील. यंत्रातून काय निघतं तेवढं मी सांगू शकतो.

"किरणं" या एका शब्दाने तीन अगदी वेगळ्या गोष्टी एका पोत्यात भरल्या आहेत, आणि निम्मा घोळ तिथेच आहे. क्ष-किरण आणि किरणोत्सर्ग रेणूतले बंध तोडू शकतात, डीएनएला थेट इजा करू शकतात. मोबाइल, वायफाय, मायक्रोवेव्ह यांच्या रेडिओलहरींत तेवढी ताकद नसते. दिसणाऱ्या प्रकाशाच्या एका कणात वायफायच्या कणापेक्षा लाखपट ऊर्जा असते, तोही बंध तोडत नाही. रेडिओलहरींचा पक्का सिद्ध झालेला परिणाम एकच, ऊब. तिसरी गोष्ट घरातल्या विजेच्या तारा आणि मोटारींभोवतीचं ५० किंवा ६० हर्ट्झचं क्षेत्र. ते ऊबसुद्धा म्हणावी अशी देत नाही. फार तीव्र झालं तर शरीरात बारीक प्रवाह निर्माण करतं, ज्याने मज्जातंतू चाळवू शकतात.

आता आकडे. अशा बंध न तोडणाऱ्या, म्हणजे अ-आयनकारी, प्रारणांपासून संरक्षणासाठी मर्यादा सुचवणारा आंतरराष्ट्रीय आयोग आहे. रेडिओलहरींमुळे शरीराच्या दर किलोमागे ४ वॅट शोषले गेले तर गाभ्याचं तापमान साधारण एक अंशाने वाढतं. सामान्य माणसासाठी संपूर्ण शरीराची मर्यादा त्याच्या पन्नासाव्या भागावर, ०.०८ वॅट प्रति किलोवर ठेवली आहे. आणि हे महत्त्वाचं: कामगारांसाठी मर्यादा जरा सैल असते, पण २०२० च्या सूचनांनुसार गरोदर कामगार स्त्रीला सामान्य नागरिकाचीच कडक मर्यादा लागू होते.

तुमच्या वायफायचा राउटर ०.१ वॅटच्या आसपास सोडतो. एक मीटरवर उभं राहिलात तर अंगावर येणारं प्रमाण मर्यादेच्या हजाराव्या भागाजवळ असतं, आणि तेही तो अखंड बोलत राहिला तर. प्रत्यक्षात तो बराच वेळ गप्प असतो. रात्री बंद करायचा तर खुशाल करा, सासूबाईंचं मन शांत होईल. तुमच्या बाळाच्या वाट्याला येणाऱ्या ऊर्जेत त्याने काही फरक पडत नाही.

मोबाइल मात्र अंगाला चिकटलेला असतो, म्हणून तो टॉवरपेक्षा आणि वायफायपेक्षा जास्त मोजावा. त्यातही रेंज कमी असेल तेव्हा तो जास्त ताकद लावतो. लिफ्टमध्ये, तळघरात, धावत्या गाडीत बोलणं आखडतं घ्या. एरवी स्पीकर किंवा इअरफोन, आणि झोपताना उशीखालून उचलून टेबलावर. कंबरेच्या खिशातून पर्समध्ये. बस. आणखी काही विकत घ्यायला नको.

लॉकेटबद्दल वेगळं लिहितो, ते महत्त्वाचं आहे.

चुंबकसूची
लॉकेट आजच गळ्यातून काढा. भीती घालायची म्हणून म्हणत नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने बाजारातल्या दहा वस्तू तपासून त्यांची विक्री थांबवली. लॉकेट, कडी, झोपताना डोळ्यांवर बांधायची पट्टी, एक लहान मुलांचं कडंसुद्धा. ५जी पासून संरक्षण म्हणून विकल्या जाणाऱ्या या वस्तू स्वतःच किरणोत्सर्गी निघाल्या. ऋण आयन सोडणारी म्हणून जी पूड वापरतात तिच्यात बऱ्याचदा थोरियम हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य असलेलं खनिज असतं. हवेत आयन तयार होतात हे खरंच, पण ते किरणोत्सर्गामुळे! दिवसरात्र, वर्षानुवर्षं अंगावर वापरल्यास इजा होऊ शकते म्हणून लोकांना त्या वस्तू बंद करून बाजूला ठेवायला सांगितलं होतं.

तुमचं लॉकेट तसलंच आहे असं मी इथून म्हणू शकत नाही. काही आठवडे घातलंत म्हणून घाबरण्यासारखंही काही नाही, यांतून मिळणारी मात्रा कमी असते आणि मुख्यतः ते टेकतं तिथल्या कातडीला लागते. पण मोबाइलपासून वाचायला म्हणून खऱ्या किरणोत्सर्गाची शक्यता छातीशी बांधायची, हे नको.

मुक्काम
बाप रे. आमच्याकडे असलंच कडं आहे, वडिलांच्या हातात. काढायला सांगतो.

अंतर्नाद
चुंबकसूची, माहिती चांगली आहे, पण "फक्त ऊब" म्हणून विषय मिटत नाही. रानजाई ज्या तिप्पट धोक्याबद्दल म्हणतात तो अभ्यास हवेतला नाही. २०१७ चा आहे, कॅलिफोर्नियातला, ९१३ गरोदर स्त्रियांच्या अंगावर दिवसभर मोजणीयंत्र लावून केलेला. जिथे चुंबकीय क्षेत्र जास्त होतं त्या गटात गर्भपात २४.२ टक्के, कमी होतं त्या गटात १०.४ टक्के. त्याच संशोधकांच्या चमूला २००२ मध्येही असंच काहीसं दिसलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनेही २००२ मध्ये विजेच्या चुंबकीय क्षेत्रांना आणि २०११ मध्ये रेडिओलहरींना "कर्करोगकारक असू शकतील" अशा २ब गटात टाकलं आहे. मग गरोदर बाईला "हजारावा भाग" सांगून घरी पाठवायचं? तंबाखूच्या बाबतीतही आधी सगळं सुरक्षितच होतं.

समई
अंतर्नाद, तुमचा प्रश्न रास्त आहे, आणि याचं उत्तर "तो अभ्यास फालतू आहे" असं नाही. मी साथरोगशास्त्रात काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

त्या अभ्यासाची जमेची बाजू म्हणजे प्रत्यक्ष मोजणी. पण मोजणी एकाच दिवसाची. आणि दोन गटांतली रेघ आखली ती ०.२५ मायक्रोटेस्लावर (मायक्रोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं माप). सर्वात कमी क्षेत्रातल्या पाव बायका एकीकडे आणि उरलेल्या पाऊण दुसरीकडे. त्या पाऊण भागात क्षेत्र वाढेल तसा धोका वाढत गेला का? नाही. एखादी गोष्ट खरोखर विषारी असेल तर मात्रा वाढताना परिणामही चढता दिसावा अशी आमची साधारण अपेक्षा असते.

त्याहून मोठी अडचण डेव्हिड सॅविट्झ या संशोधकांनी २००२ च्या अभ्यासाच्या वेळीच दाखवली होती, आणि मला ती फार पटते. पहिल्या तीन महिन्यांत ज्यांना मळमळ, उलट्या, थकवा जास्त असतो त्यांचा गर्भ टिकण्याची शक्यता सरासरीपेक्षा जास्त असते, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. अशा बाया काय करतात? पडून राहतात. घराबाहेर कमी, कामावर कमी. यंत्रापासून यंत्रापर्यंत हिंडणं कमी, म्हणून अंगावरच्या मोजणीयंत्रात मोठे चढ कमी. उलट जिचा गर्भ आधीच वाढायचा थांबला आहे तिची मळमळ ओसरते, तिला बरं वाटतं, ती हिंडते, आणि मोजणीयंत्र चढ दाखवतं. म्हणजे कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होऊ शकते. पुढे २००६ मध्ये गरोदर स्त्रियांची हालचाल आणि क्षेत्राची मोजणी एकत्र तपासली, तेव्हा जास्त हालचाल म्हणजे जास्त चढ हे नातं दिसलंच.

संगणकाच्या पडद्यांचीही अशीच दहशत होती, जुन्या लोकांना आठवत असेल. ऐंशीच्या दशकात काही कचेऱ्यांमध्ये लागोपाठ गर्भपात झाले आणि दोष काचेच्या नळीच्या मोठ्या पडद्यांवर आला. मग अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने टेलिफोन ऑपरेटर बायकांचा अभ्यास केला, तो १९९१ मध्ये छापून आला. ७३० बायका, बसून करायचं सारखंच काम. फरक इतकाच की काहींच्या समोर असा नळीचा पडदा होता, काहींच्या समोर तसा नव्हता. गर्भपाताचं प्रमाण पडदेवाल्यांत १४.८ टक्के, बिनपडद्यावाल्यांत १५.९.

मोबाइल आणि मुलांच्या वागणुकीचंही पाहा. डेन्मार्कमध्ये आईच्या मोबाइल वापराचा मुलांच्या चंचलपणाशी संबंध दिसला. पुढे २०१७ मध्ये पाच देशांतल्या ८३,८८४ मायलेकरांची माहिती एकत्र केली तेव्हाही जास्त वापर आणि चंचलपणा एकत्र दिसले, पण लेखकांनीच लिहिलं की फोनवर जास्त असणाऱ्या घरांतलं मुलांकडे लक्ष देणं, आईवडिलांचा स्वभाव, हेही त्यामागे असू शकतं. त्याच वर्षी नॉर्वेच्या मोठ्या अभ्यासात तीन वर्षांच्या मुलांची भाषा पाहिली, तर मोबाइल वापरणाऱ्या आयांची मुलं किंचित पुढेच होती. लहरींमुळे मुलं बोलकी होतात असं कुणी म्हणणार नाही. बोलक्या आईची मुलं बोलकी, एवढाच त्याचा अर्थ असावा.

२ब गटाचं म्हणाल तर त्याचा अर्थ "मर्यादित पुरावा आहे, नाकारता येत नाही". विजेच्या क्षेत्राबाबत तो आधार होता बालपणातल्या रक्ताच्या कर्करोगाचा आणि घरातल्या सरासरी ०.३ ते ०.४ मायक्रोटेस्लापेक्षा जास्त क्षेत्राचा. गर्भपाताचा तिथे संबंध नाही. सावध राहायला माझा विरोध नाही. दोन फूट अंतर ठेवायला काही खर्च येत नाही, ठेवावं. भीतीचा खर्च मात्र येतो, आणि तो रानजाईच्या झोपेतून वसूल होतो आहे.

पहाटवारा
समई, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. मला हे चार वर्षांपूर्वी कुणी सांगायला हवं होतं.

माझा गर्भ आठव्या आठवड्यात गेला. त्या दिवसांत मी रात्री आडवी पडून, मोबाइल पोटावर टेकवून मालिका बघायचे. नंतर घरी एक पाहुण्या आल्या आणि सहज म्हणाल्या, "मोबाइल पोटावर ठेवत होतीस ना?" वाईट हेतूने नाही. पण ते वाक्य माझ्यात जाऊन बसलं. मी कितीतरी महिने फोनला हात लावताना मनात म्हणायचे, याने मारलं, म्हणजे मीच मारलं. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

पुढच्या वेळेआधी डॉक्टरांनी जुना अहवाल पुन्हा समोर ठेवला. गर्भाच्या पेशी तपासल्या होत्या, त्यात सोळाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती होत्या. डॉक्टर म्हणाल्या, ही चूक बीज तयार होतानाच होते. तुम्हाला दिवस गेल्याचं कळायच्या आधी हे ठरून गेलं होतं. मी तो कागद अजून कपाटात ठेवला आहे.

रानजाई, "काढलं आणि काही झालं तर" हे तुमचं वाक्य वाचून लिहावंसं वाटलं.

अबोली
पहाटवारा, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, आणि माझ्यासमोर बसून रडणाऱ्या बायांपैकी कितीतरी जणी याच ओझ्याखाली असतात. म्हणून स्पष्ट लिहिते. दिवस गेल्याचं कळल्यानंतर शंभरातल्या दहा ते वीस गर्भधारणा टिकत नाहीत, आणि सुरुवातीला गेलेल्या गर्भांपैकी निम्म्यांच्या आसपास गुणसूत्रांचा दोष सापडतो. मोबाइल, जिना, प्रवास, रागाने बोललेला एखादा शब्द, यांतल्या कशानेही ते घडलेलं नसतं.

रानजाई, तुमच्या मनात अजून न आलेल्या दोन-तीन गोष्टींबद्दलही सांगते, कारण येतीलच. सोनोग्राफी म्हणजे किरणं नव्हेत, तो आवाज आहे, कानाला ऐकू न येणारा. गरज असेल तेव्हा, गरजेपुरती करावी हे खरं, पण "जास्त सोनोग्राफी, जास्त रेडिएशन" हे चूक आहे. एमआरआयमध्ये चुंबक आणि रेडिओलहरी असतात. डॉक्टरांनी गरज सांगितली तर गरोदरपणात एमआरआय करता येतो, चित्र ठळक दिसावं म्हणून शिरेतून द्यायचं गॅडोलिनियम हे औषध मात्र अगदीच अडल्याशिवाय टाळतात. क्ष-किरण खऱ्या अर्थाने आयनकारी, म्हणजे बंध तोडू शकणारे. तरी छातीच्या एका एक्स-रेमध्ये गर्भापर्यंत पोचते ती मात्रा ०.०१ मिलिग्रेपेक्षा (मिलिग्रे हे शोषलेल्या किरणांचं माप) जास्त नसते, आणि ५० मिलिग्रेच्या खाली गर्भात व्यंग वाढल्याचं दिसलेलं नाही. गरोदर बाईला न्यूमोनियाचा संशय असताना एक्स-रे नाकारला गेल्याचं मी पाहिलं आहे. तो नकार जास्त धोक्याचा होता.

आणि ऊब म्हणाल, तर ज्या उबेची मला खरी काळजी वाटते ती मोबाइलची नाही. पहिल्या काही आठवड्यांत, बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यापासून घडतात ती नळी मिटत असताना, अंगात ३९ अंशांच्या वर ताप बराच वेळ राहिला किंवा कुणी गरम पाण्याच्या टबात नाहीतर वाफेच्या खोलीत बराच वेळ बसलं, तर त्या नळीच्या दोषांची शक्यता वाढते. म्हणून ताप अंगावर काढू नका, विचारून लगेच उतरवा. फॉलिक ॲसिड चुकवू नका. मांडीवर गरम लॅपटॉप नको, टेबलावर ठेवा.

चुंबकसूची
अबोली यांच्या "ऊब" वरून आठवलं. रानजाई, घरातल्या सगळ्या वस्तूंची यादी दिलीत, पण दिवसातले आठ-नऊ तास जिथे जातात त्याचा उल्लेख नाही. काम काय करता? मोजणीला गेलो की मी नेहमी आधी हेच विचारतो. घरात लोक राउटर दाखवतात आणि खरं क्षेत्र कामाच्या जागी सापडतं.

रानजाई
मी फिजिओथेरपिस्ट आहे. एका रुग्णालयात.

तुमचा प्रश्न वाचला आणि जागच्या जागी थिजले. आमच्याकडे शॉर्टवेव्ह डायथर्मीची, म्हणजे रेडिओलहरींनी दुखरा भाग आतून शेकायची, दोन यंत्रं आहेत, दोन शेजारशेजारच्या क्युबिकलमध्ये, मध्ये कापडी पडदा. दिवसाला आठ-दहा रुग्णांना लावते. पॅड लावायचे, यंत्र सुरू करायचं, आणि मग पंधरा-वीस मिनिटं मी त्याच दोन क्युबिकलच्या मधल्या टेबलावर बसून नोंदी लिहिते. टेबल तिथेच आहे म्हणून.

सर्वांत वाईट हे की मला माहीत होतं. प्रत्येक रुग्ण स्त्रीला मी फॉर्मवरचा प्रश्न विचारते, "गरोदर आहात का?" हो म्हणाली तर पोटावर, कंबरेवर डायथर्मी लावत नाही. रोज विचारते. स्वतःला एकदाही विचारलं नाही, आणि मलाही कुणी विचारलं नाही.

आता काय करू? नऊ आठवडे झाले की.

अबोली
रानजाई, आधी श्वास घ्या. तुम्ही यंत्राशेजारी बसत होतात, पॅड तुमच्या अंगाला लावलेले नव्हते. तुमच्या शरीराचं तापमान चढेल असं काही झालेलं नाही. आजपर्यंतच्या गोष्टीसाठी कुठलीही खास तपासणी लागत नाही. ठरलेल्या वेळी सोनोग्राफी करा.

जे ठाऊक आहे तेही सांगते, म्हणजे अर्ध्या रात्री अर्धवट वाचायला नको. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या फिजिओथेरपिस्ट स्त्रियांचा मोठा अभ्यास छापून आला. मायक्रोवेव्ह डायथर्मी वापरणाऱ्यांत गर्भपाताची शक्यता थोडी जास्त, साधारण १.२८ पट दिसली. शॉर्टवेव्ह वापरणाऱ्यांत तशी वाढ दिसली नाही. तुमची यंत्रं शॉर्टवेव्हची आहेत. यावरून "धोका शून्य" असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या पूर्ण यादीतली विचार करण्यासारखी गोष्ट हीच एक आहे, आणि ती उद्यापासून बदलता येते.

चुंबकसूची
तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. कामाचं बोलू.

मोबाइल सरासरीने जास्तीत जास्त ०.२ वॅटच्या घरात सोडतो. तुमचं यंत्र २७.१२ मेगाहर्ट्झवर चालतं आणि सतत पद्धतीत शेकडो वॅट देतं. ती ऊर्जा ऊतकं तापवण्यासाठीच असते, तेच त्याचं काम. बहुतेक भाग रुग्णात जातो, पण केबल आणि पॅड यांच्याभोवती बराच सांडतो. अशा यंत्रांभोवती केलेल्या मोजण्यांत जवळजवळ एक मीटरपर्यंत मर्यादा ओलांडलेली सापडली आहे. म्हणूनच यंत्र चालवणाऱ्याने १ ते २ मीटर दूर राहावं असं सांगतात, सतत पद्धतीत २ मीटर. स्पंदित, म्हणजे थांबून थांबून ऊर्जा देणाऱ्या, पद्धतीत सरासरी शक्ती कमी असते. तुम्ही दोन यंत्रांच्या मधोमध बसत होतात, म्हणजे एकापासून सरकलं की दुसऱ्याच्या जवळ.

कापडी पडदा या लहरींना दिसतसुद्धा नाही. लोखंडी पलंग आणि लोखंडी खुर्च्या क्षेत्र ओढून घेतात आणि भलतीकडे वाढवतात, म्हणून अशा खोलीत लाकडी पलंग असावा. केबल पसरलेली असेल तर तिच्याजवळही तेवढंच जपा.

गरोदरपणात हे यंत्र दुसऱ्या कुणीतरी लावावं, हे सर्वांत सरळ. अगदीच नाइलाज असेल तर यंत्र बंद असताना पॅड लावा, बटण दाबा आणि लगेच तिथून निघा. रुग्णाच्या हातात बंद करायचं बटण असतंच. नोंदी दुसऱ्या खोलीत. हे कृपा म्हणून मागू नका. युरोपच्या २०१३ च्या कामगार निर्देशात गरोदर स्त्रियांना विशेष जोखमीच्या गटात धरलं आहे. जबाबदार विभागप्रमुखाला हे समजावून सांगायला लागत नाही.

आणि रुग्णालयात क्ष-किरण विभाग असेल तर तिथे किरणसुरक्षा अधिकारी असतात. लॉकेट त्यांच्याकडे न्या, दोन मिनिटांचं काम आहे.

अंतर्नाद
मी मागे जे लिहिलं त्यातला काही भाग अजून माझ्या मनात आहे, पण हे वाचून एक मान्य करतो. वायफायवर इतकं बोलताना हा प्रश्न मला सुचलाच नाही. रानजाई, काळजी घ्या.

मुक्काम
अवांतर होईल, पण इंडक्शन शेगडीचं राहिलं. आमच्याकडे दुसरा पर्याय नाही आणि बायकोला सहावा महिना आहे.

चुंबकसूची
अवांतर नाही. घरातल्या उपकरणांत थोडं भान ठेवावं अशी तीच एक आहे, कारण ती पोटाच्या उंचीवर असते आणि बाई तिला टेकून उभी राहते. स्वित्झर्लंडच्या आरोग्य खात्याने याच्या मोजण्या करवून घेतल्या होत्या. भांडं गोलाच्या मध्यावर आणि मापाचं असेल तर क्षेत्र आवरलेलं राहतं. भांडं लहान, वाकड्या बुडाचं किंवा सरकलेलं असेल तर कडेने बाहेर येतं. म्हणून मापाचं, सपाट बुडाचं भांडं, आणि ओट्यापासून ५ ते १० सेंटिमीटर मागे उभं राहायचं. मोठ्या आचेसाठी मागचा गोल वापरा. सहाव्या महिन्यात पोट पुढे येतं, तेव्हा एक पाऊल मागे, एवढंच. रानजाई, माळ्यावरची शेगडी खाली काढायला हरकत नाही.

पहाटवारा
रानजाई, काय झालं पुढे? रोज येऊन बघते आहे.

रानजाई
उशीर झाला, माफ करा. सगळं सांगते.

दुसऱ्याच दिवशी विभागप्रमुख मॅडमकडे गेले. हात थरथरत होते, कारण अजून कामावर कुणाला सांगितलंच नव्हतं. त्यांनी पूर्ण ऐकलं, उठल्या, आणि त्या दोन यंत्रांच्या मधल्या टेबलाजवळ जाऊन उभ्या राहिल्या. काही वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, माझ्या दोन्ही वेळी मी इथेच बसत होते. त्यांची दोन्ही मुलं आता कॉलेजात आहेत, सुखरूप. पण मला त्यांचा चेहरा विसरता येत नाही.

त्याच दुपारी टेबल हललं. मी आता व्यायाम विभागात आहे, पक्षाघाताच्या रुग्णांना चालायला शिकवते. पाय दुखतात, पण मन हलकं आहे.

लॉकेट किरणसुरक्षा अधिकाऱ्यांकडे नेलं. त्यांनी मोजणीयंत्र आधी रिकाम्या टेबलावर धरलं, अधूनमधून टक, टक. मग लॉकेटवर धरलं आणि ती टकटक भराभर झाली. त्यांनी ते लगेच डबीत बंद केलं. म्हणाले, मात्रा फार नाही, तुम्हाला काही झालेलं नाही, पण हे परत घालायचं नाही. मावशींना फोन करून हळूच सांगितलं. त्या खूप रडल्या. त्यांनी तसलीच आणखी दोन घेऊन ठेवली होती, एक स्वतःसाठी. तीही आता त्या डबीत आहेत.

वायफाय अजून दहाला बंद होतो. मी सासूबाईंना काही म्हटलं नाही. मोबाइल पलीकडच्या टेबलावर असतो आणि मला झोप लागते.

काल बाराव्या आठवड्याची सोनोग्राफी झाली, सगळं ठीक आहे. आणि आमच्या विभागात एक नवा कागद लागला आहे. यंत्रावर काम करणाऱ्या प्रत्येकीने दर महिन्याला भरायचा. पहिलाच प्रश्न तोच, जो मी रुग्णांना विचारायचे. उत्तर विभागप्रमुखांशिवाय कुणी बघत नाही. शब्द मीच लिहून दिले.

ओलसावली
पहिल्यांदाच लिहिते आहे. मीही फिजिओथेरपीत आहे, सहाय्यक म्हणून. सातवा आठवडा. आमच्याकडे एकच यंत्र आहे, पण खोली फार लहान आहे आणि पलंग लोखंडी. अजून कुणाला सांगितलं नव्हतं. रानजाईताई, तो कागद कसा लिहिलात ते इथे टाकाल का? उद्या सकाळी सरांसमोर न्यायचा आहे.

रानजाई
टाकते, ओलसावली. दहा मिनिटं दे. आणि उद्या सरांशी बोलणं होईपर्यंत त्या खोलीत थांबू नकोस.